सगळेच पंगतीला बसले तर वाढणार कोण?

रात्रीचे दीड वाजलेत, सकाळी सातची लोकल पकडायची आहे आणि आपण स्क्रीनवर अकरा गोल चकत्यांची जुळवाजुळव करत बसलोय. 'फुटबॉल मॅनेजर' हा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्याला ही अवस्था समजावून सांगावी लागत नाही. माझी त्या रात्रीची टीम कागदावर मोठी देखणी होती. फॉर्मेशन 4-3-3. बचावफळीच्या पुढ्यात रेजिस्ता, त्याच्या डावीकडे मेट्झाला, उजवीकडे रोमिंग प्लेमेकर. डाव्या बगलेला राउमडॉयटर, उजवीकडे ट्रेक्वार्तिस्ता, मधोमध फॉल्स नाइन (ही सगळी गेममधल्या रोलची नावं, आणि सगळे रोल मोकळीक असलेले). दोन्ही विंगबॅक 'अटॅक' ड्यूटीवर. आणि वर साखर पेरावी तशी टीमला सूचना : अधिक मोकळेपणानं खेळा.

क्लब लीग वनमधला, म्हणजे इंग्लंडच्या तिसऱ्या दर्जाचा. ओळीनं चार सामने हरलो. चेंडू आमच्याकडेच जास्त वेळ असायचा, पास सुरेख जायचे, आणि मग कुणाचा तरी एक पास चुकला की समोरचा संघ आमच्या डाव्या बाजूनं, गर्दी नसलेल्या रस्त्यावरून एसटी यावी तसा निवांत यायचा. चौथ्या पराभवानंतर रोलची यादी पुन्हा वाचली आणि हसूच आलं. मी मैदानावर सगळे पाहुणेच उतरवले होते. पंगतीला सगळे बसलेले, वाढपी एकही नाही.

हा लेख त्या वाढप्यांबद्दल आहे. मोकळीक कुणाला द्यावी याची चर्चा भरपूर होते. ती दिल्यावर तिचा खर्च कोण उचलतो, हे फारसं कुणी विचारत नाही. माझ्या मते टॅक्टिकचं निम्मं यश या दुसऱ्या प्रश्नात आहे.

आधी गेममध्ये ही मोकळीक कुठे कुठे लपलेली असते ते पाहू, कारण ती एका बटणात नाही. गेम खेळणाऱ्या जुन्या मंडळींना आठवत असेल, पूर्वी प्रत्येक खेळाडूपुढे सरकवायच्या पट्ट्या असत आणि त्यातल्या एका पट्टीचं नावच 'क्रिएटिव्ह फ्रीडम' होतं. ती उजवीकडे सरकवली की गडी सूचना बाजूला ठेवून मनाचं ऐकू लागायचा. 2009 मध्ये आलेल्या 'फुटबॉल मॅनेजर 2010'मध्ये रोल आणि ड्यूटी आल्या, 2014च्या आवृत्तीत पट्ट्या पार गेल्या. त्यानंतरही काही वर्षं टीम 'स्ट्रक्चर्ड' ठेवायची की 'फ्लुइड', हे आपण स्वतः निवडायचो. 2019च्या आवृत्तीत तेही काढून घेतलं. त्यानंतरच्या, ड्यूटी असलेल्या आवृत्त्यांत (हा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दलच आहे) तुम्ही वाटलेल्या ड्यूटींवरून गेम स्वतःच ते ठरवतो. 'सपोर्ट' ड्यूटी जास्त असतील तर टीम फ्लुइड दिसते. 'डिफेंड' आणि 'अटॅक' अशी स्पष्ट वाटणी असेल तर स्ट्रक्चर्ड. थोडक्यात, पट्टी दिसेनाशी झाली, मोकळीक गेली नाही. ती पाच ठिकाणी विखुरली : टीमची मेंटॅलिटी, खेळाडूची ड्यूटी, रोलमध्ये आधीच बसवलेल्या सूचना, टीमला दिलेल्या सूचना आणि खेळाडूच्या अंगच्या सवयी.

यातल्या मेंटॅलिटीबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. 'व्हेरी अटॅकिंग' ठेवलं की टीम मोकळी झाली असं अनेकांना वाटतं. खरं तर टीम घाईत येते. वेग वाढतो, बचावाची रेषा वर सरकते, पास अधिक थेट होतात, धोका पत्करण्याची तयारी वाढते. स्टेशनवर गाडी सुटायच्या वेळी धावणारा माणूस मोकळा नसतो, त्याच्याकडे विचाराला वेळ नसतो, इतकंच. याचा व्यवहारातला परिणाम असा : प्रत्येक खेळाडूची स्वतःची मेंटॅलिटी टीमच्या मेंटॅलिटीवर ड्यूटी चढवून तयार होते. 'बॅलन्स्ड' टीममधला 'अटॅक' ड्यूटीचा विंगबॅक आणि 'अटॅकिंग' टीममधला तोच विंगबॅक हे दोन वेगळे प्राणी आहेत. दुसरा जवळजवळ परत येतच नाही. म्हणून टीमची मेंटॅलिटी एक पायरी वर नेलीत तर 'अटॅक' ड्यूटी एखादी कमी करा. मी त्या रात्री नेमकं उलटं केलं होतं.

आता रोल. इथे जरा रेंगाळायला हवं, कारण नावं फसवी आहेत.

एन्गांचे घ्या. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ आकडा, दोन डब्यांना जोडणारी कडी. अर्जेंटिनाचा हुआन रोमान रिकेल्मे हा या जातीचा शेवटचा मोठा मानकरी. व्हियारेआलला त्यानं 2006 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत नेलं आणि तिथे आर्सेनलविरुद्ध अखेरच्या मिनिटांत त्याचीच पेनल्टी लेमाननं अडवली. रिकेल्मेला खेळताना पाहिलं तर वाटायचं, हा माणूस मैदानातला सर्वांत मोकळा. गेममधला एन्गांचे मात्र सर्वांत बांधलेल्या रोलपैकी एक आहे. त्याला जागा सोडायची नाही, ही सूचना त्याच्यात आधीच बसवलेली आहे आणि ती तुम्हाला काढता येत नाही. तो एका जागी उभा राहतो, चेंडू त्याच्याकडे येतो, आणि हलायचं असतं ते बाकीच्यांनी. त्याच्याभोवती स्थिर माणसं ठेवलीत तर सगळी टीम पुतळ्यांचं प्रदर्शन होते. त्याच्या दोन्ही बाजूंना सतत पळणारे, रेषा ओलांडणारे लोक हवेत.

त्याच जागेवर ट्रेक्वार्तिस्ता ठेवा, आणि सगळं उलटं होतं. हा भटक्या. डावीकडे, उजवीकडे, खाली, हवा तिथे जाईल. चेंडू गेल्यावर मागे पळण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका. इथे स्थिर माणसं लागतात, कारण तो सोडून गेलेली जागा कुणीतरी राखायची असते. नवखा माणूस दोघांनाही 'दहा नंबर' समजतो आणि एकाच्या जागी दुसरा ठेवून पाहतो. मग गोल होत नाहीत म्हणून स्ट्रायकर विकतो.

मोकळीक असलेला खेळाडू दोन प्रकारच्या रिकाम्या जागा मागे सोडतो. माझ्या लेखी या लेखातली ही सर्वांत उपयोगाची गोष्ट आहे, म्हणून ती नीट उलगडून सांगतो.

पहिली रिकामी जागा धोक्याची. मेट्झाला बाहेरच्या बाजूला आणि पुढे सरकतो, म्हणजे मधल्या फळीत त्याच्या पाठीमागे भगदाड पडतं. त्याच बाजूचा विंगबॅकही पुढे गेला असेल तर त्या भगदाडाला अंगण जोडलं जातं. ही जागा भरणारा माणूस त्याच बाजूला हवा. समोरच्या संघाचा विंगर आपल्या डावीकडून धावत सुटला की उजव्या बाजूच्या शिस्तीचा काही उपयोग नसतो. मेट्झालाच्या मागे अँकर किंवा 'डिफेंड' ड्यूटीचा बचावात्मक मिडफिल्डर ठेवा, नाहीतर त्या बाजूच्या फुलबॅकला घरी बसवा. विंगबॅकला पाठवायचंच असेल तर त्या बाजूला मेट्झालाऐवजी कारिलेरो घ्या; तो मध्य आणि बाजू यांच्या मधल्या पट्टीत खाली-वर येरझाऱ्या घालतो आणि फार पुढे जात नाही. (स्पेनमध्ये कारिलेरो म्हणजे चक्क विंगबॅक. गेमनं हा शब्द मधल्या फळीतल्या माणसाला का दिला ते त्यांनाच ठाऊक.)

दुसरी रिकामी जागा संधीची. फॉल्स नाइन खाली उतरतो तेव्हा समोरचा सेंटरबॅक पेचात पडतो : त्याच्यामागे जावं की जागा धरावी? 2 मे 2009 रोजी बार्नाबेऊवर बार्सेलोनानं रेआल माद्रिदला 6-2 असं हरवलं, त्या दिवशी ग्वार्दिओलानं मेस्सीला मध्ये आणून हाच पेच टाकला. पण पेच टाकून भागत नाही. सेंटरबॅक पुढे आला तर त्याच्या पाठीमागच्या जागेत धावणारा कुणी हवा. त्या दिवशी आँरी आणि एटो बगलांवरून आत शिरत होते. तुमच्या टीममध्ये फॉल्स नाइन असेल आणि दोन्ही विंगर 'सपोर्ट'वर, रेषेला चिकटून उभे असतील, तर तो खाली येतो, सुंदर वळतो, मान वर करतो आणि पुढे कुणीच नसतं. मग चेंडू मागे. सामन्यात 65 टक्के ताबा आणि गोलवर दोन फटके, हा निकाल ओळखीचा वाटतो ना? इनसाइड फॉरवर्डला 'अटॅक' द्या किंवा मधून शॅडो स्ट्रायकर पाठवा. रिकामी केलेली जागा वापरणारा नसेल तर ती रिकामी करण्यात अर्थ नाही.

म्हणून रोल निवडताना मी आता एकेकटा रोल पाहतच नाही, जोड्या पाहतो. भटक्याची जोडी राखणदाराशी, खाली येणाऱ्याची वर जाणाऱ्याशी. हे गेममधलं चातुर्य नाही, खेळातूनच आलेलं आहे. पिर्लोचं उदाहरण पाहा. 2001 मध्ये तो इंटरकडून ब्रेशियाला उसना गेला. तिथे दहा नंबरच्या जागेवर साक्षात बाज्जो, मग प्रशिक्षक मात्सोनेनं पिर्लोला खाली, बचावफळीच्या पुढे आणलं. पुढे मिलानमध्ये आन्चेलोत्तीनं तेच पक्कं केलं. रेजिस्ता म्हणजे इटालियनमध्ये दिग्दर्शक, आणि पिर्लो खरोखर दिग्दर्शकच. पण त्याच्या शेजारी गात्तूसो होता. चेंडू हिसकावणं, धावणं, भांडणं, पिर्लो पुढे गेला की त्याची जागा धरणं हे सगळं त्याच्याकडे. मिलाननं 2003 आणि 2007 मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली ती या दोघांना घेऊन. गात्तूसोशिवाय पिर्लो ही कल्पना आन्चेलोत्तीलाही परवडली नसती, मग आपली काय कथा.

आपल्या जवळचंही उदाहरण आहे. सेर्जिओ लोबेराचा एफसी गोवा आठवा, 2017 ते 2020 मधला. फातोर्ड्याला जाऊन पाहिलेल्यांना मी काय सांगणार! कोरो गोल करायचा, बूमूस नाचवायचा, आणि मागून अहमद जाहू सगळ्यांना चेंडू वाटायचा. जाहूला चेंडूवर जो वेळ मिळायचा त्यासाठी शेजारी पाय झिजवत असायचा तो गोव्याचाच लेनी रॉड्रिग्ज. कोरोच्या नावाची जर्सी सगळीकडे दिसायची. लेनी हा त्या संघाचा वाढपी होता.

आता मोकळीक टीमभर वाढवण्याबद्दल. 'बी मोअर एक्स्प्रेसिव्ह' ही सूचना दिलीत की प्रत्येक खेळाडूला ठरलेल्या सूचनांपासून दूर जायची अधिक मुभा मिळते. 'बी मोअर डिसिप्लिन्ड' दिलीत की उलट. यात बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी, की टीमभर मोकळीक वाढली की विशेष रोलची किंमत उतरते. रेजिस्ता, मेट्झाला, राउमडॉयटर हे रोल म्हणजे त्या माणसाला इतरांपेक्षा वेगळं काहीतरी करायला दिलेला परवाना. सगळ्यांनाच परवाना मिळाला तर तो दाखवायचा कुणाला? अशा टीममध्ये साधे रोल खुलतात. नुसता 'सेंट्रल मिडफिल्डर, सपोर्ट' हा माझ्या मते गेममधला सर्वांत दुर्लक्षित रोल आहे. त्याच्यात आधीच बसवलेल्या सूचना कमी, त्यामुळे हुशार खेळाडू परिस्थिती पाहून कधी पुढे जातो, कधी थांबतो. आरिगो साक्कीच्या मिलानचं तत्त्व याच जातीचं होतं. बचावफळी आणि आघाडी यांच्यात 25 मीटरपेक्षा जास्त अंतर नको, आणि प्रत्येकानं सगळं करायचं. एकाच कामात वाकबगार माणसांवर त्याचा विश्वास नव्हता. 1989 आणि 1990, लागोपाठ दोन युरोपियन कप त्यानं या हट्टातून मिळवले.

उलट, टीम शिस्तीची ठेवलीत, ड्यूटींची वाटणी स्पष्ट केलीत, तर विशेष रोलना धार येते. आजूबाजूचे नऊ जण कुठे असणार हे ठरलेलं असतं, म्हणून दहाव्यानं काहीतरी अचाट केलं तर ते उठून दिसतं आणि महागातही पडत नाही. तमाशातल्या सोंगाड्याला बतावणीत हवं ते बोलायची मुभा असते, पण वगाची गोष्ट पुढे नेणारे लोक आपापल्या जागी असतात म्हणून. सगळेच सोंगाडे झाले तर प्रेक्षक उठून चहाला जातात.

तेव्हा माझा हिशेब असा : शिस्तीच्या टीममध्ये तीन-चार विशेष रोल चालतात. मोकळ्या टीममध्ये एक, फार तर दोन. हा गेमनं घालून दिलेला नियम नाही, बऱ्याच सेव्हमधल्या चुकांतून बसलेला अंदाज आहे. प्लेमेकरच्या बाबतीत मात्र मी अधिक कडक आहे. सहकारी प्लेमेकरलाच चेंडू द्यायला पाहतात. एका टीममध्ये तीन प्लेमेकर ठेवलेत तर चेंडू तिघांमध्ये फिरत राहतो आणि स्ट्रायकर जांभया देतो. दोन ठेवायचेच असतील तर एक खाली, एक वर, आणि शक्यतो वेगळ्या बाजूंना.

हे सगळं ज्यांच्या जीवावर करायचं त्या खेळाडूंचं काय? नवखा माणूस 'फ्लेअर' पाहतो. 20 पैकी 16 फ्लेअर दिसलं की लगेच ट्रेक्वार्तिस्ता. पण फ्लेअर म्हणजे अनपेक्षित काही करण्याची खुमखुमी, ते बरोबर असेल याची हमी नव्हे. ती हमी 'डिसिजन्स'मध्ये असते. दिसलेल्या पर्यायांतला योग्य पर्याय निवडण्याची क्षमता ती. आणि पर्याय दिसण्याची क्षमता 'व्हिजन'मध्ये. फ्लेअर 16 आणि डिसिजन्स 8 असलेल्या माणसाला मोकळीक देणं म्हणजे नुकत्याच लायसन्स मिळालेल्या भाच्याला घाटात गाडी देणं. दोन वळणं थरारक जातील. लीग वनमधल्या माझ्या रेजिस्ताचे डिसिजन्स 9 होते. मी त्याला मैदानातल्या सर्वांत नाजूक जागी उभं करून मनाला येईल ते कर म्हणून सांगत होतो. दोष त्याचा कसा म्हणणार?

राखणदारांसाठी वेगळी कसोटी लावा. त्यांचं 'टीमवर्क' पाहा, कारण दिलेली सूचना पाळण्याची वृत्ती त्यात असते. 'पोझिशनिंग', 'कॉन्सन्ट्रेशन', 'वर्क रेट' पाहा. वेग नसला तरी चालेल. ही माणसं स्वस्तात मिळतात, कारण त्यांच्या नावावर गोल नसतात आणि इतर क्लबांचं लक्ष जात नाही. तिशी उलटलेला, बाराच्या आसपास वेग राहिलेला, पण टीमवर्क 16 असलेला मिडफिल्डर दिसला की मी पहिली बोली लावतो.

रोलच्या बाजूला दिसणाऱ्या हिरव्या वर्तुळावर फार विसंबू नका. खेळाडूचे गुण त्या रोलशी कितपत जुळतात एवढंच ते सांगतं. तुमच्या बाकीच्या दहा जणांना तो रोल परवडतो का, हे त्याला माहीत नसतं.

सवयींचं प्रकरण थोडक्यात सांगतो. 'चेंडू घ्यायला खाली येतो', 'धोक्याचे पास टाकतो', 'उशिरा पेनल्टी बॉक्समध्ये शिरतो' अशा सवयी खेळाडूच्या माहितीत लिहिलेल्या असतात. ही त्याची खासगी मोकळीक. तुम्ही कितीही शिस्त लावा, ती डोकं वर काढणारच. खाली येण्याची सवय असलेला स्ट्रायकर तुम्ही पोचर म्हणून उभा केलात तर तो दर थोड्या वेळानं तुमची आज्ञा मोडेल आणि तुम्हाला वाटेल गेम बिघडलाय. नवा खेळाडू घेताना सवयी आधी वाचा, गुण नंतर. सवय घालवता येते, पण सरावात काही महिने जातात.

टॅक्टिक बदलण्याच्या उत्साहावरही थोडा लगाम हवा. टीमला तुमच्या टॅक्टिकची ओळख किती झाली आहे हे गेम वेगवेगळ्या पट्ट्यांमधून दाखवतो, आणि त्यात रोल व ड्यूटीप्रमाणेच 'क्रिएटिव्ह फ्रीडम'चीही एक पट्टी आहे. दर हरलेल्या सामन्यानंतर मोकळीक कमी-जास्त करत राहिलात तर ती पट्टी कधी भरतच नाही. तीन टॅक्टिकांचा सराव एकाच वेळी करता येतो. माझ्याकडे एक रोजची, दुसरी त्याच फॉर्मेशनची पण बांधलेली, आणि तिसरी पाच मिनिटं राहिली असताना एका गोलनं मागे असू तेव्हाची. तिसरीत मी सगळ्यांना पंगतीला बसवतो. तेव्हा गमावण्यासारखं काही नसतं.

टॅक्टिक बरोबर आहे की नाही हे निकालावरून ठरवू नका, निदान पहिले काही सामने तरी नाही. हायलाइट्स वाढवून पहिली 15 मिनिटं सलग पाहा. बघायचं एकच : चेंडू आपल्याकडून गेला त्या क्षणी सामना थांबवा आणि चेंडूच्या मागे, म्हणजे आपल्या गोलच्या बाजूला, आपले किती जण आहेत ते मोजा. गोलकीपर धरू नका. आजचे चांगले संघ हल्ला करताना पाच पुढे आणि पाच मागे असे उभे राहतात. मागच्या पाचांत तिघांची एक रांग आणि त्यांच्यापुढे दोघं. माझ्या त्या देखण्या टीममध्ये मी मोजले तेव्हा दोन सेंटरबॅक आणि पाय ओढत परतणारा रेजिस्ता भरले. तिघंच. अडीच म्हटलं तरी चालेल.

पाचाचा आकडा गाठायला बचावात्मक टीम करायची गरज नसते. एका बाजूचा विंगबॅक वर जाऊ द्या आणि दुसऱ्या बाजूला इन्व्हर्टेड विंगबॅक 'डिफेंड'वर ठेवा. तो आत, मधल्या फळीत येऊन उभा राहतो. 2013 मध्ये ग्वार्दिओलानं बायर्नमध्ये लामला असाच आत आणला होता. किंवा हाफ बॅक ठेवा, तो दोन सेंटरबॅकच्या मध्ये उतरतो आणि मागे तिघं होतात. मग राउमडॉयटरला हवं तितकं भटकू द्या. हा शब्द थोमास म्युलरनं 2011 मध्ये एका मुलाखतीत स्वतःबद्दल वापरला, जर्मनमधल्या 'स्वप्नांचा अर्थ लावणारा' या शब्दावरची कोटी करून 'जागेचा अर्थ लावणारा'. तोही कधी एकटा अर्थ लावत नव्हता. त्याच्यामागे श्वाइनस्टायगर, लाम अशी माणसं होती.

दुबळ्या संघापासून सुरुवात करणाऱ्यांना एक सूचना. आपल्यातले बरेच जण प्रेमापोटी भारतीय क्लबपासून सुरुवात करतात, गोव्याच्या किंवा मुंबईच्या. तिथे बहुतेकांचे डिसिजन्स एकेरी आकड्यात असतात, तेव्हा एकच मोकळा माणूस ठेवा, बहुधा तुमचा परदेशी दहा नंबर, आणि बाकी सगळ्यांना साधे, स्पष्ट रोल द्या. हे कंटाळवाणं वाटेल. पहिल्या मोसमात कंटाळवाणंच खेळायचं असतं.

नोव्हेंबर 2025 मध्ये आलेल्या 'फुटबॉल मॅनेजर 26'कडे वळलेल्यांना वाटेल की हे सगळं जुनं झालं. 2025ची आवृत्ती रद्द झाल्यानंतर आलेल्या या गेममध्ये ड्यूटी काढून टाकल्या आहेत. आता चेंडू आपल्याकडे असतानाचं फॉर्मेशन आणि रोल वेगळे, चेंडू नसतानाचे वेगळे. माझ्या मते यामुळे हिशेब उलट स्वच्छ झाला. पूर्वी मेट्झालाची उधारी कोण फेडणार हे ड्यूटींच्या आडून ओळखावं लागायचं, आता ते दुसऱ्या, म्हणजे चेंडू नसतानाच्या पानावर लिहावंच लागतं. तरी लोक पहिल्या पानावर तासभर घालवतात आणि दुसरं पान गेमनं सुचवलंय तसंच ठेवतात. तुम्ही दुसऱ्या पानापासून सुरुवात करून पाहा.

माझ्या लीग वनच्या क्लबचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. रेजिस्ताच्या जागी मी बाकावरचा 32 वर्षांचा अँकर आणला, उजवा विंगबॅक साधा फुलबॅक केला, रोमिंग प्लेमेकरचा सेंट्रल मिडफिल्डर केला आणि 'मोकळेपणानं खेळा' ही सूचना काढली. मेट्झाला, राउमडॉयटर आणि फॉल्स नाइन तसेच ठेवले. ट्रेक्वार्तिस्ताचा विंगर झाला. मोसम संपला तेव्हा आम्ही सहावे होतो. त्या अँकरचं रेटिंग वर्षभरात 6.8च्या वर गेलं नाही, एकही गोल नाही, एकही असिस्ट नाही. मी त्याचा करार दोन वर्षांसाठी वाढवला.